प्लगइन दिसून नाही राहिलं

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन.

"मामाजी, प्लगइन टाकलं, पण दिसूनच नाही राहिलं."

महाल भागात त्याचं अल्बम डिझाइनचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. तुळशीचं लग्न लागलं की नागपुरात मुहूर्तांची रांग लागते आणि त्याचा कॉम्प्युटर रात्रीचाही बंद होत नाही. मी विचारलं, कोणतं प्लगइन? "फोटोतलं नको ते काढते ते." कुठे टाकलं? "फोल्डरात." कोणत्या फोल्डरात? इथे तो अडला. मग विचारलं, स्क्रीनवर काही लिहून आलं होतं का?

"आलं होतं ना, इंग्लिशमध्ये काहीतरी. मी ओके केलं."

मी ओके केलं. या आठवड्याचं सदर या तीन शब्दांवर.

प्रोग्रॅम अडला की बहुतेक वेळा तो स्वतःच सांगतो. काय झालं, कोणत्या फाइलपाशी झालं, हे एका चौकटीत लिहून आपल्यासमोर धरतो. आपण ती चौकट न वाचता बंद करतो. पोस्टमनच्या तोंडावर दार लावायचं आणि मग गावभर विचारत फिरायचं की पत्र काहून नाही आलं, असा हा प्रकार. महाल, इतवारी, सक्करदरा, कुठल्याही अल्बमच्या दुकानात तासभर बसा. ती चौकट एकदा तरी येते आणि ती वाचणारा सापडत नाही.

यात मुलांचा दोष मी धरत नाही. शिकवणाऱ्यांचा धरतो. भाच्याने सीताबर्डीवरच्या एका क्लासात तीन महिने घातले. तिथे शिकवण्याची रीत अशी: फिल्टर मेनू, वरून चौथी ओळ, स्लायडर साठवर, ओके. मुलं वहीत क्लिकांची यादी उतरवतात. पुढच्या आवृत्तीत ती ओळ चौथीवरून सहावीवर गेली की तीन महिन्यांचं शिक्षण तिथेच संपलं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक पेन ड्राइव्ह मिळाला, त्यात चाळीस प्लगइन्स भरलेली. कुणी बनवलं, कशावर चालतं, परवाना काय, याचा एकाचाही कागद नाही. आणि प्लगइन चाललं नाही तर काय करायचं, याचा तीन महिन्यांत एक तास नाही. सायकल शिकवताना चेन कशी बसवायची ते न सांगणारा माणूस आपण शिक्षक मानत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मानतो, आणि फी भरतो.

प्लगइन म्हणजे काय, हे आधी एका वाक्यात कळलं पाहिजे. घरच्या मिक्सरवर दुसऱ्या कंपनीचं भांडं ठेवलं तर ते बसत नाही. भांडं चांगलं असतं, मिक्सरही चांगला असतो, खाच जुळत नाही. प्लगइन हे भांडं आहे. फोटोशॉप, गिंप हे मिक्सर. "दिसून नाही राहिलं" या तक्रारीत बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, खाच जुळलेली नसते. एवढं कळलं की घाबरणं थांबतं आणि शोधणं सुरू होतं.

त्या रात्रीचंच सांगतो. भाच्याने गिंपची 3 नंबरची नवी आवृत्ती टाकली होती. ती मार्च 2025 मध्ये आली. प्लगइन होतं रिसिंथेसायझर, ते पेन ड्राइव्हमधलं. मी म्हटलं, गिंप बंद कर, पुन्हा सुरू कर, आणि चौकट आली की ओके न करता मला एकेक शब्द वाचून दाखव. आली. त्याने वाचली, अडखळत. मतलब असा, की हे प्लगइन मी सोडून देतो आहे, कारण प्लगइन स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात असायला हवं. झालं! प्रोग्रॅमने उत्तर छापून दिलं होतं. गिंप 3 मध्ये नियम असा की प्रत्येक प्लगइनला त्याच्याच नावाचं फोल्डर हवं, फाइलचं नाव आणि फोल्डरचं नाव तंतोतंत एक. भाच्याने फाइल सरळ मोठ्या फोल्डरात ठेवली होती. जुन्या 2.10 मध्ये तसं चालायचं.

फोल्डर केलं. तरीही दिसेना. "आता काय होय, मामाजी?" आता दुसरी खाच. पेन ड्राइव्हमधलं ते प्लगइन गिंप 2.10 साठी लिहिलेलं, त्याच्या मेनूत दिसणाऱ्या स्क्रिप्ट पायथन 2 या भाषेत. पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली. गिंप 3 पायथन 3 वापरतं. पायथन 2 मध्ये प्रिंट या शब्दापुढे कंस लागत नव्हते, 3 मध्ये लागतात. दोन कंस नसले तरी फाइल जागेवर अडते. शिवाय प्लगइनने गिंपशी बोलायची पद्धतच नव्या आवृत्तीत बदलली. म्हणजे फाइल फोल्डरांतून कितीही फिरवली तरी उपयोग नव्हता, गिंप 3 साठी केलेली वेगळी प्रत हवी होती. ती मूळ ठिकाणाहून उतरवली, बसवली. पाऊण वाजता फोनवर त्याचा आवाज आला, "आलं! आलं, मामाजी!"

सव्वा तास गेला. त्यातला एक तास तरी ती चौकट पहिल्यांदा वाचली असती तर वाचला असता.

बाकीच्या खाचा भराभर सांगतो, कारण रोज त्याच निघतात. फोटोशॉपची फिल्टर-प्लगइन्स विंडोजवर डॉट एटबीएफ शेपटीची असतात आणि ती 32 बिट किंवा 64 बिट असतात. 64 बिटच्या फोटोशॉपमध्ये 32 बिटचं प्लगइन चढतच नाही. आपल्याकडे 2002 चं फोटोशॉप 7 अजून पासपोर्ट फोटोच्या दुकानांत जिवंत आहे. तिथली प्लगइन्स उचलून नव्यात टाकणारे बरेच आहेत, आणि ती न दिसण्याचं कारण हेच. प्लगइन दिसतं पण नाव फिकट करडं, क्लिकच होत नाही? मग फोटोचा मोड बघा. लग्नपत्रिका छापखान्यात जाणार म्हणून फाइल सीएमवायके केलेली असते आणि त्या मोडमध्ये फोटोशॉपचे कितीतरी फिल्टर बंदच असतात. आरजीबीत काम करा, शेवटी बदला. गिंपमध्ये फोटो इंडेक्स्ड मोडमध्ये असला की तेच होतं. फोटोशॉप सुरू होतानाच कोसळत असेल तर सुरू करताना शिफ्ट दाबून धरा, बाहेरची प्लगइन्स बाजूला ठेवून ते उघडतं. उघडलं, तर गुन्हेगार प्लगइनांतच आहे हे पक्कं. मग अर्धी बाहेर काढा, पुन्हा अर्धी, सापडतंच. आणि एक खास आपली खाच: कॉम्प्युटरवर खात्याचं नाव देवनागरीत ठेवलेलं असेल, तर काही जुनी प्लगइन्स त्या वाटेवरच्या फोल्डरात शिरताना अडतात. मराठीत नाव ठेवणाऱ्याची यात काही चूक नाही. चूक त्या प्रोग्रॅमची. पण तोवर प्लगइन्ससाठी रोमन नावाचं फोल्डर वेगळं करून घ्यावं.

आणखी एक. "मराठी नीट येत नाही, मराठीचं प्लगइन द्या" असं म्हणत लोक येतात. पहिली वेलांटी भलतीकडे, जोडाक्षर फुटलेलं, 'श्री' चे तुकडे. याला प्लगइन लागत नाही. नव्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या सदरात मजकुराची पद्धत निवडायची जागा आहे. काही आवृत्त्यांत तिथे 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं असतं, काहींत 'वर्ल्ड-रेडी लेआउट'. ते निवडलं की देवनागरी जागेवर येते. मुंबईच्या एक टाइपने केलेले 'मुक्त', 'बलू', 'मोदक' हे टाइप मोकळ्या परवान्याचे आहेत, तेही सुंदर बसतात. सेटिंग बघायच्या आधी प्लगइन शोधायला धावू नये, एवढंच.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

आपण 'फुकट' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, कंपनीने सध्या पैसे न घेता दिलेलं. दोन, चोरलेलं. तीन, मोकळं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, जे वापरायची, वाटायची, दुरुस्त करायची परवानगी लेखी दिलेली आहे. तिघांचा भाव शून्य, म्हणून तिघं एकच, असं धरून नागपुरातली शेकडो मुलं धंदा उभा करतात. हे धोक्याचं आहे आणि मी ते ओरडून सांगणार आहे.

पहिल्याचं उदाहरण निक कलेक्शन. फोटोच्या धंद्यातला जुना माणूस हे नाव ऐकलं की अजून हळवा होतो. सिल्व्हर इफेक्स प्रो ब्लॅक अँड व्हाइटसाठी, कलर इफेक्स प्रो रंगांसाठी, डीफाइन फोटोतले दाणे (नॉइज) घालवायला, शिवाय व्हिवेझा, शार्पनर, एचडीआर, अॅनालॉग. सात प्लगइन्सचा संच. निक सॉफ्टवेअर ही कंपनी गूगलने 2012 मध्ये विकत घेतली, 2013 मध्ये संचाची किंमत 149 डॉलरवर आणली आणि मार्च 2016 मध्ये तो सगळ्यांना फुकट करून टाकला. त्या महिन्यात आपल्याकडेही स्टुडिओ-स्टुडिओत तो उतरला. मे 2017 मध्ये गूगलने सांगितलं, यापुढे सुधारणा नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीने संच घेतला आणि जून 2018 मध्ये तो पुन्हा विकत मिळायला लागला. गूगलवाली जुनी प्रत ज्यांच्याकडे होती ती त्यांच्याकडे राहिली, पण फोटोशॉप बदलत गेलं, विंडोज बदलत गेलं आणि भांडं खाचेत बसेना. दुरुस्त करणार कोण? कोड बंद. वापरणाऱ्यांना हात लावता येत नाही.

ज्याने दोन वर्षं त्या संचाच्या बटणांवर आपली शैली बांधली, त्याच्या हातात 2018 मध्ये काय उरलं? ज्याने बटण पाठ केलं होतं, त्याच्याकडे काही नाही. ज्याने कंट्रोल पॉइंटचा विचार समजून घेतला होता, म्हणजे फोटोत एक ठिपका ठेवायचा आणि त्या ठिपक्यासारख्या रंगापुरताच बदल करायचा, त्याच्याकडे सगळं उरलं. तोच विचार फोनवरच्या स्नॅपसीडमध्ये 'सिलेक्टिव्ह' नावाने आजही आहे, कारण स्नॅपसीडही निकनेच केलं होतं. हे भाच्याला दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मंग हे तर मी रोज बोटानं करतो!" करतोस, फक्त तुला कुणी सांगितलं नव्हतं की तू काय करतोस.

ऑक्टोबर 2025 मध्ये कॅनव्हाने अॅफिनिटी हा मोठा प्रोग्रॅम फुकट केला. वापरा, जरूर वापरा, उत्तम आहे. पण तीही कंपनीची मर्जी आहे. काल दिलं ते उद्या थांबू शकतं, हे 2018 मध्ये एकदा घडून गेलेलं आहे.

दुसरं फुकट, चोरीचं. यावर मी जास्त बोलणार नव्हतो, पण गेल्या मोसमात ओळखीच्या एका दुकानदाराचं जे झालं ते डोळ्यांसमोरून जात नाही. चेहरे साफ करणाऱ्या एका महागड्या प्लगइनचा क्रॅक त्याने कुठूनशी उतरवला. सोबत सूचना होती: टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवा. घरफोड्या सांगतो कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतो! सकाळी उठून बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक परकी शेपटी आणि पैसे मागणारी चिठ्ठी. हळद, लग्न, बिदाई, सगळं कुलूपबंद. कार्ड दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरसाठी आधीच फॉरमॅट केलेलं. त्या नवरीच्या बिदाईचा एकही चांगला फोटो आज जगात नाही. पाहुण्यांच्या फोनमधून गोळा करून त्याने अल्बम पुरा केला, पैसे घेतले नाहीत, आणि महिनाभर कुणाशी धड बोलला नाही. क्रॅकच्या वाटेने अशी कुलपं लावणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. त्यांना नागपूर लांब नाही.

आणि हे सगळं कशासाठी? तिसरं फुकट समोर असताना.

रिसिंथेसायझर हे पॉल हॅरिसन या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या पीएचडीच्या कामातून निघालं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात, 2005 चा प्रबंध. फोटोतली नको ती वस्तू निवडायची, प्लगइन आजूबाजूचा पोत बघून ती जागा भरतं. फोटोशॉपने हीच करामत 'कंटेंट-अवेअर फिल' नावाने 2010 मध्ये आणली तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. गिंप वापरणाऱ्यांकडे ती आधीपासून होती. हॅरिसननंतर लॉइड कोनेकर या दुसऱ्याच माणसाने त्याची देखभाल हाती घेतली. मोकळं म्हणतात ते याला. पहिला थकला तर दुसरा उचलू शकतो.

दुसरं नाव जी-मिक. फ्रान्समधल्या काँ शहरात ग्रेइक नावाची सरकारी पैशावर चालणारी प्रयोगशाळा आहे. तिथे दाविद च्युम्पर्ले यांनी 2008 मध्ये हे सुरू केलं. आज त्यात पाचशेहून जास्त फिल्टर आहेत. गिंपमध्ये चालतं, क्रिता या प्रोग्रॅममध्ये चालतं, आणि निकोलस हेज यांनी केलेल्या जोडणीमुळे फोटोशॉपमध्येही. फ्रेंच करदात्याच्या पैशातून तयार झालेलं हत्यार महालातल्या पोराला विनामूल्य, कायमचं, कायदेशीर मिळतं. ही मला साधी गोष्ट वाटत नाही. याबद्दल कृतज्ञता वाटते आणि ती इथे लिहून ठेवतो.

पण मोकळं म्हणजे सोपं नव्हे. जी-मिक टाकलं की पहिली तक्रार येते, "हँग होऊन राहिलं." का होतं, ते गणिताने बघा. 24 मेगापिक्सेलचा फोटो. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग. जी-मिक प्रत्येक रंगाच्या प्रत्येक ठिपक्याला 4 बाइट देतं. 24 दशलक्ष गुणिले 3 गुणिले 4, म्हणजे 288 एमबी. एका प्रतीला! फिल्टर चालताना अशा चार-पाच प्रती सहज उभ्या राहतात. दुकानातला कॉम्प्युटर 4 जीबीचा, त्यात विंडोज, ब्राउझर आणि 12 बाय 36 ची शीट उघडलेली. दम लागणारच. मग ब्राउझर बंद करा, शीट बंद करा, हवा तेवढाच भाग निवडून त्यावर फिल्टर चालवा. आधी फोटोच्या छोट्या प्रतीवर प्रयोग करा. एवढं समजलं की "हे सॉफ्टवेअरच बेकार" हे वाक्य तोंडातून जातं.

आता मंडपातला कूलर. नागपुरातल्या मे महिन्यातल्या लग्नात स्टेजच्या दोन्ही बाजूंना ते पत्र्याचे अवाढव्य कूलर असतातच, नसले तर नवरदेव उभा राहणार नाही. आणि फोटोत ते नकोत, हेही प्रत्येक आईबापाचं म्हणणं. भाच्याने पहिल्यांदा रिसिंथेसायझर चालवलं तेव्हा कूलरच्या जागी नवरदेवाच्या काकांचं अर्धं डोकं उगवलं. तो हादरला. मी म्हटलं, प्लगइनने चूक नाही केली, त्याने तुला विचारलं होतं की आजूबाजूचं किती अंतरावरून घेऊ, आणि तू ओके केलं. तो आकडा 50 होता. 50 पिक्सेलच्या आत काकांचं डोकं होतं. आकडा कमी केला, आणि 'वरून-खालून घे, बाजूने नको' हा पर्याय निवडला. मागचा झालरीचा पडदा सरळ खाली उतरला आणि कूलर गेला. भाच्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला तो मी कुठल्याच क्लासात पाहिला नव्हता. त्याने क्लिक केलं नव्हतं, प्रश्न वाचून उत्तर दिलं होतं.

तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सव्वाशे वर्षांहून जुनी, आपल्या शहराची स्वतःची. पिवळी मारबत दुपारच्या उन्हात गल्लीत शिरते, लोक इडा-पीडा घेऊन जा म्हणून ओरडतात, आणि फोटोग्राफर लोकांच्या खांद्यांवरून कॅमेरे वर करतात. भाच्यानेही काढले. आणून दाखवले तर मारबतीच्या अंगावर लुगड्याची एक घडी दिसेना, सगळा पिवळा डाग. त्याने रंग खुलवणारं प्लगइन शंभरावर लावलं होतं. मी त्याला आकडे दाखवले. स्क्रीनवरचा पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा मिळून. प्रत्येक रंगाची पायरी 0 ते 255. उन्हातल्या त्या पिवळ्यात लाल आधीच 250 च्या आसपास. आणखी रंग चढवला की लाल 255 ला जाऊन आपटतो. घडीच्या उजेडातला लालही 255, सावलीतला लालही 255. मग घडी राहील कशी? उलट रंग खाली घे, उजेड थोडा उतरव. त्याने उतरवला. घड्या परत आल्या, कागदाची चुरगळ दिसली, बांबूचा सांगाडा जाणवला. "मामाजी, हे तर कमी करून जास्त दिसून राहिलं." त्याच्या वहीत हे वाक्य मी त्याच्याकडूनच लिहून घेतलं.

यापुढचं मी रागाने लिहितो आहे.

चेहरा गुळगुळीत करणारी आणि रंग उजळवणारी फुकट प्लगइन्स, प्रीसेट, अॅक्शन. पेन ड्राइव्हमध्ये यांचाच भरणा असतो. ज्याला स्लायडर म्हणजे काय ते माहीत नाही तो ते आहे तसं लावतो, आणि विदर्भातली सावळी, तरतरीत डोळ्यांची मुलगी तिच्याच लग्नाच्या अल्बममध्ये मैद्याच्या गोळ्यासारखी होते. हनुवटीवरचा तीळ जातो, जन्मखूण जाते. एका घरी मी समोर होतो. नवरीच्या आजीने अल्बम उघडला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि विचारलं, "हे कोणाची पोरगी होय जी?" खोलीत कुणी बोललं नाही. चौदाशे किलोमीटर लांब नांदायला गेलेल्या नातीचा तेवढाच ऐवज त्या म्हातारीकडे राहणार होता.

म्हणून शिकवताना मी पहिला धडा हा देतो: फिल्टर लावण्याआधी लेअरची दुसरी प्रत कर, फिल्टर त्या प्रतीवर लाव, मग तिची ओपॅसिटी तीसवर आण, आणि डोळे, ओठ, तीळ मास्कने मोकळे कर. गिंप 3 चे स्वतःचे बरेच फिल्टर आता नंतरही बदलता येतात, पण बाहेरून आणलेल्या प्लगइनवर ती भिस्त ठेवू नये. आणि रिसिंथेसायझर चेहऱ्यावर चालवायचं नाही. जुन्या फोटोत कपाळावर बुरशीचा डाग असेल तर आजूबाजूची कातडी घेऊन भरता येईल. डोळा गेला असेल तर गेला. यंत्राने भरलेला डोळा तुमच्या पणजोबांचा नव्हे.

हे सगळं शिकायचं कुठून, मराठीतून? अगदीच काही नाही असं नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात गिंपचे धडे आहेत, चक्क मराठी आवाजात. मूळ धडे जर्मनीतल्या ब्रेमेनच्या रोल्फ स्टाइनोर्ट यांच्या 'मीट द गिंप' मालिकेतले. जर्मन माणसाने शिकवलेलं मुंबईत मराठी झालं आणि ते कुणालाही मोफत. धडा थोडा बघायचा, थांबवायचा, शेजारी गिंप उघडून तेवढंच करायचं, पुन्हा पुढे, ही त्यांची पद्धत. माझ्या बघण्यात याहून चांगली पद्धत नाही. बर्डीवरच्या ज्या मुलांना मी विचारलं त्यातल्या एकालाही याचा पत्ता नव्हता. धडे जुन्या आवृत्तीवरचे आहेत, मेनू बदलले आहेत, आणि प्लगइन अडलं तर काय करायचं हा भाग नव्याने लिहायलाच हवा. तो कुणीतरी लिहील म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

मी दोन पानं लिहिली आहेत. नेहमी येणाऱ्या अकरा चौकटी, त्यांतला इंग्रजी मजकूर देवनागरीत जसाच्या तसा, खाली त्याचा अर्थ, खाली काय करायचं. भाच्याने ती त्याच्या दुकानाच्या भिंतीवर, देवाच्या फोटोखाली, चिकटपट्टीने लावली. बारावी चौकट त्याने स्वतः पेनने खाली जोडली, तिच्यात एक चूक होती, ती गिट्टीखदानहून आलेल्या दुसऱ्या एका डिझायनरने खोडून नीट केली. गेल्या मंगळवारी शेजारचा झेरॉक्सवाला आला आणि म्हणाला, "भाऊ, हे काढू द्या जरा, तीन पोरं मागून गेली." पंधरा प्रती काढल्या, आणि भिंतीवरची पुन्हा लावताना वाकडी लावली. अजून वाकडीच आहे.